एफआरपीचा खटला आणि जिनिव्हातले रिकामे अपील मंडळ

उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, एकरकमी द्यायची की दोन हप्त्यांत, हा वाद महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात प्रत्येकाला तोंडपाठ आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन हप्त्यांची मुभा देणारा शासन निर्णय काढला, शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल ठरवला. त्या शासन निर्णयाच्या सुमारे दोन महिने आधी, २४ डिसेंबर २०२१ रोजी, याच एफआरपीसंबंधी भारत सरकारने जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेकडे एक अपील दाखल केले होते. ऊस परिषदांच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ते अपील आजही तसेच पडून आहे, कारण ते ऐकायला तिथे कोणी नाही.

तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन साखर निर्यातदार देशांनी २०१९ मध्ये केली. तिचे दोन भाग होते. एक, भारत ऊस उत्पादकाला मर्यादेपेक्षा जास्त देशांतर्गत आधार देतो. दोन, साखरेच्या निर्यातीला बेकायदा अनुदान देतो. १४ डिसेंबर २०२१ रोजी ही तक्रार तपासणाऱ्या संघटनेच्या पॅनेलचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि दोन्ही मुद्द्यांवर निकाल भारताच्या विरोधात गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत आपण मर्यादा ओलांडली, असे पॅनेलने म्हटले.

यातला पहिला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संघटनेच्या कृषीविषयक करारानुसार विकसनशील देश एखाद्या पिकाला त्याच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत आधार देऊ शकतो. हा आधार मोजताना सरकारने ठरवलेल्या दरातून एक संदर्भ किंमत वजा करायची आणि आलेल्या फरकाला, तो दर ज्या उत्पादनाला लागू आहे त्या सगळ्या उत्पादनाने गुणायचे. गोम आहे ती संदर्भ किमतीत. ती १९८६ ते १९८८ या काळातली आहे आणि रुपयांत गोठवलेली आहे. डॉलर तेरा-चौदा रुपयांच्या आसपास होता तेव्हाची किंमत २०१८-१९ च्या क्विंटलला २७५ रुपये या दरातून वजा केली, तर सरकारने तिजोरीतून एक पैसा दिला नाही तरी आधाराचा आकडा फुगणारच. मधल्या तीस वर्षांची महागाई, मजुरी, खते आणि तोडणी-वाहतूक यांपैकी कशालाच त्या सूत्रात थेट जागा नाही.

भारताचा बचाव साधा होता आणि ऊस घालणाऱ्या कोणालाही तो सहज कळेल. एफआरपी केंद्र सरकार जाहीर करते, पण ती देतो कारखाना. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत बिल जमा व्हायला हवे, आणि ते थकले तर व्याजाचा बोजाही कारखान्यावरच. सरकार ऊस खरेदी करत नाही, मग हा सरकारी आधार कसा? पॅनेलने उत्तर दिले की बाजारभावाचा आधार ठरण्यासाठी सरकारने स्वतः खरेदी करणे किंवा पैसे देणे कराराच्या शब्दांत आवश्यक नाही. किंमत सरकारने ठरवली आणि ती बंधनकारक केली, एवढे पुरते. कराराच्या मजकुराकडे पाहिले तर हे उत्तर अगदीच चुकीचे म्हणता येत नाही. पण त्याच करारात अमेरिकेला या मर्यादेच्या वर वर्षाला १९.१ अब्ज डॉलरपर्यंत आधार देण्याची सवलत आहे आणि भारताला त्या वरच्या खात्यात काहीच नाही, हेही तितकेच खरे. १९९४ मध्ये ज्यांचे आधार आधीच मोठे होते, त्यांना ते कमी करण्याच्या अटीवर मोठी मर्यादा मिळाली, आणि ज्यांच्याकडे दाखवण्यासारखे काही नव्हते, त्यांच्या हाती दहा टक्के राहिले.

निर्यात अनुदानाबाबत मात्र आपली बाजू लंगडीच होती. २०१९-२० च्या हंगामात निर्यातीसाठी टनाला १०,४४८ रुपये देण्याची योजना होती. तिला वाहतूक-विपणन खर्चाचे नाव दिले तरी ती निर्यातीशी बांधलेली होती, हे लपत नाही. पॅनेलने ही अनुदाने १२० दिवसांत मागे घ्यायला सांगितले.

एरवी असा निकाल लागला की हरलेला देश अपील करतो. अपील मंडळावर सात सदस्य असतात, त्यांतले तिघे एक प्रकरण ऐकतात, आणि नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ९० दिवसांत निर्णय येतो. पण २०१७ पासून अमेरिकेने या मंडळावरची प्रत्येक नेमणूक अडवली. डिसेंबर २०१९ मध्ये दोन सदस्यांची मुदत संपली, त्यांतले एक भारताचे उजल सिंग भाटिया होते. उरलेल्या एकमेव सदस्याची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मंडळाने मुदती पाळल्या नाहीत आणि करारात नसलेली बंधने निकालांतून निर्माण केली, या अमेरिकेच्या तक्रारींत काही तथ्य आहे. सरकार बदलले तरी अमेरिकेची भूमिका बदलली नाही. सगळे सदस्य देश जिथे बसतात त्या तंटा निवारण मंडळाच्या बैठकांत नेमणुका सुरू करण्याचा प्रस्ताव सुमारे १३० सदस्य देशांच्या वतीने पुन्हा पुन्हा मांडला जातो, अमेरिका नकार देते आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. काही काळ हा प्रस्ताव वाचण्याचे काम ग्वाटेमालाच्या प्रतिनिधीकडे होते, म्हणजे साखरेच्या खटल्यात जिंकूनही हात रिकामे राहिलेल्या देशाकडेच.

हात रिकामे, कारण अपील प्रलंबित असलेला पॅनेलचा अहवाल तंटा निवारण मंडळाला स्वीकारता येत नाही, आणि अहवाल स्वीकारला गेला नाही तर जिंकलेल्या देशाला प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळत नाही. अर्ज घेणारा कारकून खिडकीशी बसलेला आहे आणि वरच्या मजल्यावर न्यायाधीशच नाही, अशा कचेरीत अर्ज दिला की खालचा निकाल आपोआप थांबतो. भारताने त्या खिडकीचा उपयोग केला. नियमाने ते चुकले असे कोणी म्हणू शकत नाही, आणि कोणत्याही सरकारने त्या जागी हेच केले असते, असे मला वाटते.

तरीही याला मी विजय मानायला तयार नाही. भारताच्या पोलादावर लावलेल्या शुल्काच्या प्रकरणात अमेरिकेने हेच आपल्यावर केले होते: डिसेंबर २०१९ मध्ये मंडळ बंद पडल्यावर आठवडाभरातच तिने अपील दाखल केले. जिनिव्हात काही मुद्द्यांवर आपल्या बाजूने आलेला निकाल तिथेच अडकला, आणि २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या अमेरिका दौऱ्याच्या वेळी इतर वादांबरोबर तो आपसात मिटवावा लागला. अशा तडजोडीत पारडे कोणाकडे झुकते हे सांगायला नको. त्याच २०२३ मध्ये मोबाइल आणि दूरसंचार उपकरणांवरील शुल्काच्या प्रकरणांत जपान आणि युरोपीय संघाविरुद्ध आपण पुन्हा त्याच खिडकीत अर्ज दिले. एकीकडे अपील मंडळ पूर्ववत करा म्हणणाऱ्यांत भारत आहे आणि दुसरीकडे त्याच्या बंद असण्याचा लाभ घेणाऱ्यांतही आहे.

२०२० मध्ये काही सदस्यांनी लवादामार्फत अपील ऐकण्याची तात्पुरती व्यवस्था उभी केली. तिच्यात युरोपीय संघ आहे, चीन आहे, पुढे जपानही आला. आपल्यावर तक्रार करणारे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे तिघेही तिच्यात आहेत, भारत नाही. तात्पुरते म्हणून जे स्वीकारू तेच कायमचे होईल आणि मूळ मंडळाचा आग्रह ढिला पडेल, ही शंका रास्त आहे. पण अमेरिकाही या व्यवस्थेबाहेर असल्याने पोलादासारख्या प्रकरणात तिचा आपल्याला उपयोग झाला नसता, हे त्याहून व्यवहारी कारण आहे. साखरेच्या प्रकरणात मात्र तिचा उपयोग होता. कारखान्याने दिलेल्या पैशाला सरकारी आधार म्हणायचे का, हा प्रश्न वरच्या पातळीवर तीन जाणकारांपुढे लढवण्याची संधी आपण सोडली.

निर्यात अनुदानाचा भाग तूर्त निवला आहे. २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली ती अनुदानाविनाच, आणि त्यानंतर सरकारने स्वतःच निर्यातीला लगाम घातला. एफआरपीचे तसे नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि दरवाढीगणिक ते जुने सूत्र आपल्या खात्यावर अधिक मोठा आकडा मांडते. मंडळावर उद्या नेमणुका झाल्या, तर थकलेल्या अपिलांत आपले हे प्रकरणही सुनावणीला येईल. त्या वेळी संदर्भ किमतीचा मुद्दा केवळ खटल्यातला बचाव म्हणून पुरणार नाही, कारण करारात लिहिलेली किंमत बदलण्याचा अधिकार अपील मंडळाला नाही. तो सदस्य देशांच्या वाटाघाटींतच सुटू शकतो, आणि तिथे भारताचा जोर आजवर मुख्यतः धान्याच्या सरकारी साठ्यावर राहिला आहे. ऊस त्या चर्चेत जवळजवळ नाहीच.