वाणाच्या कॅरमेल वड्या आणि आत्यांची कवळी

आमच्या माळ्यावर एक पोतं आहे. त्यात गेल्या दहा-बारा वर्षांची वाणं आहेत. चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, झाकण न बसणारे प्लास्टिकचे डबे, आणि सात सोलाण्या. संक्रांत ते रथसप्तमी आमच्या जुळे सोलापुरात (हे सोलापूरचं एक उपनगर) रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घरून काहीतरी हातात येतं. खोटं कशाला बोलू, त्यातलं बरंचसं मीही पुढच्या वर्षी दुसरीच्या ओटीत ढकललेलं आहे. एकदा मीच दिलेली गाळणी तीन वर्षांनी मला परत आली. दांड्यावरच्या चट्ट्यावरून ओळखली.

म्हणून यंदा ठरवलं, वस्तू नाही, खाऊ द्यायचा. मऊ कॅरमेलच्या वड्या. लेकीने पुण्यात कुठेतरी खाल्ल्या होत्या आणि दिवाळीपासून डोकं खात होती.

आत्यांना (म्हणजे सासूबाईंना) हे अजिबात पटलं नाही. "खाऊन संपतंय ते वाण कसलं गं? वाण घरात दिसाय पाहिजे." मुद्दा बिनतोड होता. शेवटी तडजोड अशी झाली की चार वड्या एका छोट्या टर्किश नॅपकीनमध्ये बांधून द्यायच्या. माझ्या चुलतदिरांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग आहेत, त्यांच्याकडे कडेला जरा चुकलेले नॅपकीन कायम पडलेले असतात. सोलापुरात राहून वाणाला टॉवेल द्यायचा म्हणजे कोकणात नारळ देण्यासारखं आहे, पण आत्या खूश झाल्या.

आता वड्यांचं. एका घाण्याला मी घेते ते असं: साखर ४०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १५० ग्रॅम, फ्रेश क्रीमचे २०० मिलीचे दोन डबे, बिनमिठाचं लोणी ८० ग्रॅम, पाऊण चमचा मीठ, चमचाभर व्हॅनिला आणि साखर भिजण्यापुरतं पाणी. यातलं लिक्विड ग्लुकोज केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. मधापेक्षा घट्ट असतं, चमच्याला चिकटलं की सुटत नाही. हात पाण्यात बुडवून ओल्या बोटांनीच काढायचं. ते टाळायचा विचार करू नका. नुसत्या साखरेचा पाक गार होताना पुन्हा दाणे धरतो, आपल्या बिघडलेल्या पाकासारखा रवाळ होतो. ग्लुकोज साखरेच्या कणांना एकमेकांना धरू देत नाही. लाडवाच्या पाकात आपण लिंबू पिळतो ना, त्यामागेही हेच आहे.

आत्या म्हणाल्या, गूळ घाल की, संक्रांतच आहे. घातला. उकळत्या क्रीममध्ये गूळ पडला आणि दोन मिनिटांत सगळं फाटलं. गुळात आंबटपणा असतो, गुळाच्या चहाचं दूध फाटतं तसंच. तो घाणा आम्ही कलाकंद समजून खाल्ला.

साखर, ग्लुकोज आणि थोडं पाणी जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात. मोठ्या म्हणजे तुम्हाला वाटतंय त्याच्या दुप्पट. पातेलं आतून पांढरं किंवा स्टीलचं हवं, काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही. उकळी आल्यावर ढवळायचं नाही, कडेला लागलेली साखर ओल्या ब्रशने खाली ढकलायची. पाक मधाच्या रंगावर आला की गॅस बारीक करून गरम केलेलं क्रीम हळूहळू सोडायचं. इथे सावध. पाक तेव्हा दीडशे अंशांच्या वर असतो, क्रीममधल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि सगळं फणा काढून वर येतं. पहिल्या वेळी मी नेहमीच्या भाजीच्या पातेल्यात केलं होतं. उतू गेलेलं कॅरमेल बर्नरच्या भोकांत जाऊन बसलं, ते टाचणीने काढताना माझा रविवार गेला. मनगटावरचा फोडाचा डाग अजून आहे. पोरांना ओट्याजवळ फिरकू देऊ नका.

मग लोणी घालून मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. आता ढवळत राहायचं, कारण दूध तळाला लागतं. याच वेळात घरभर वास सुटतो. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की हा रंग आणि हा वास येतो. आपल्या शेजारचा धारवाडचा पेढा तपकिरी होतो तो असाच. आत्या हॉलमधून ओरडल्या, "काय करलालीस गं? पेढं लागलं वाटतं खाली!"

खरी गोष्ट इथून पुढे आहे. गॅस कधी बंद करायचा?

लेक संक्रांतीच्या सुट्टीला येताना पुण्याहून पाकाचा थर्मामीटर घेऊन आली. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सगळा वेळ पर्समध्ये हातात धरून. तिच्या रेसिपीत ११८ ते १२० अंश लिहिलं होतं. आम्ही १२० ला बंद केलं, ट्रेमध्ये ओतलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी वड्या पाडल्या. दिसायला सुंदर. पहिली वडी आत्यांना दिली. आत्यांनी दोनदा चावली, थांबल्या, तोंडावर पदर घेतला आणि न बोलता बाथरूमकडे गेल्या. वरची कवळी वडीला चिकटून बाहेर आली होती.

हसू नका. आमच्या हळदीकुंकवाला बेचाळीस बायका येतात, त्यातल्या निदान दहा जणींच्या तोंडात कवळी आहे. मऊ कॅरमेल म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं थर्मामीटरच खोटा. तपासायला उकळत्या पाण्यात धरला तर १०० च्या ऐवजी साडेअठ्ठ्याण्णव दाखवायला लागला. परत द्यायला सांगणार होते. लेक म्हणाली, आई, सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर आहे, इथे पाणी इतक्यालाच उकळतं. साधारण तीनशे मीटरला एक अंश. म्हणजे थर्मामीटर खरा होता, रेसिपी समुद्राकाठची होती. पाकाचंही तसंच, पाणी आधी उडतं, म्हणून इथे दीड अंश वजा करायचा. आम्ही १२० म्हणून केलेलं कॅरमेल खरं तर साडेएकशेएकवीसचं झालं होतं. मी इतकी वर्षं इथे स्वयंपाक करतेय, कधी डोक्यात आलं नव्हतं.

आत्यांना हे सांगितल्यावर त्यांनी माठातल्या पाण्याची वाटी आणली. "थेंब टाक." तिळगुळाचा पाक त्या आयुष्यभर असाच बघत आल्यात. थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळा करायचा. पसरला तर कच्चा. गोळी झाली आणि दाबल्यावर चपटली तर मऊ गोळीबंद. ताटलीत टाकल्यावर टण्ण वाजली तर चिक्कीचा पाक. वडीला हवी ती गोळी मधली: पाण्याबाहेर काढल्यावर आकार धरते, पण चिमटीत हळूच दबते. थर्मामीटर ११६ च्या जरा पुढे असताना नेमकी ती गोळी झाली. दोघींची परीक्षा एकाच ठिकाणी आली आणि दोघींनीही आपलंच बरोबर म्हणून सांगितलं.

आत्यांचं एक मात्र मी लिहून ठेवलंय. थेंब तपासताना गॅस बंद करायचा. तुम्ही वाटीत बोटं घालून बसता तेवढ्यात पातेलं दोन अंश पुढे जातं. आणि थर्मामीटरचं टोक तळाला टेकू द्यायचं नाही, तळ पाकापेक्षा गरम असतो.

ट्रे आठ इंची चौकोनी. त्यात बटर पेपर घालून वर तेलाचा हात, आणि त्यावर भाजलेले तीळ. तीळ माझी भर. संक्रांतीला तिळाशिवाय काही द्यायचं म्हणजे जीव होत नाही, शिवाय वडीची खालची बाजू चिकटत नाही. मीठ आणि व्हॅनिला गॅस बंद केल्यावर. पातेलं खरवडून ओतू नका, तळाचं जास्त शिजलेलं असतं. ते पातेल्यात राहू द्या, पोरं बघून घेतील.

कापायला लांब सुरी, तेल लावलेली, दर दोन कापांनंतर पुसून. इंचाच्या चौसष्ट वड्या पडतात. गुंडाळायला मी आधी किराणा दुकानातला पातळ बटर पेपर आणला, तो वडीला असा चिकटला की कागदासकट खायची वेळ. मग तेल लावलेले सेलोफेनचे तुकडे वापरले. तीन घाणे, एकशेब्याण्णव वड्या. दोन संध्याकाळी आम्ही तिघी गुंडाळत बसलो होतो. आत्यांची गुंडाळी सगळ्यांत नेटकी, दोन्ही टोकांना वातीसारखा पीळ.

हे सगळं जानेवारीत जमतं. तेव्हा सोलापूरची हवा कोरडी आणि गार असते, होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरलेली असते आणि डब्यातल्या वड्या पंधरा दिवस आहेत तशा राहतात. यश डोक्यात गेल्यावर मी एप्रिलमध्ये पुतणीच्या साखरपुड्यासाठी पुन्हा केल्या. स्कूटरच्या डिकीतून कार्यालयापर्यंत नेल्या. डिकी उघडली तेव्हा वड्या नव्हत्या, एक वडी होती. उन्हाळ्यात कराव्याच लागल्या तर दोन अंश जास्त शिजवा, नाहीतर सरळ चिक्की करा.

हळदीकुंकवाच्या दिवशी वाण दिल्यावर आत्यांनी एकेकीला त्यातलीच वडी चाखायला लावली. समोरच्या ब्लॉकमधल्या अक्का शहराच्या पूर्व भागातून इकडे राहायला आल्यात, वय ऐंशीच्या पुढे, कवळी दोन्ही बाजूंची. आत्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसल्या. अक्कांनी सावकाश चघळली, गिळली, आणि नॅपकीनची गाठ सोडून दुसरी काढली. आत्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

चोवीस वड्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डब्यात अकरा होत्या, मी काही विचारलं नाही. रथसप्तमीच्या आत आमचे दोन नॅपकीन मला दुसऱ्यांच्या घरून वाण म्हणून परत आले. कडेच्या चुकलेल्या टाक्यावरून ओळखले. एकात साबणाची वडी बांधलेली होती.