बारा बायका, एक भिशी आणि कुणाचं ॲप चांगलं

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीची भिशी मी सांभाळते. बारा जणी, महिन्याला दोन हजार, दहा तारखेला चिठ्ठी. जिची निघेल तिला चोवीस हजार. रक्कम वाढवायची का यावरून दर दिवाळीला वाद होतो आणि दर दिवाळीला दोन हजारच राहतात.

आधी सगळं रोख होतं. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा निम्म्या जणींचे पैसे माझ्या कपाटात येऊन पडले होते, सगळे पाचशेच्या नोटांत. ते ज्याचे त्याला परत द्यायला मी जिने चढत-उतरत होते. डिसेंबरात बाराही जणींनी एकेक कोरी गुलाबी नोट आणली. हिशोब इतका सोपा पुन्हा कधी झाला नाही! फक्त जिला भिशी लागली, तिला त्या नोटांचे सुट्टे कुणी देईना. मोबाइलवरून पाठवू या, ही कल्पना तिचीच.

ती कल्पना पहिल्या झटक्यात फसली. तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी वॉलेट होतं. चौघींकडे पेटीएमचं, दोघींकडे मोबिक्विकचं, आणि एका कंपनीच्या वॉलेटातले पैसे दुसरीच्या वॉलेटात जात नसत. म्हणजे भिशीत आधी पक्ष पडले, मग पैसे जमा व्हायचे. दोन महिन्यांत आम्ही पुन्हा पाकिटावर आलो. कागदाच्या.

यूपीआय खरं तर त्याच वर्षी, २०१६च्या एप्रिलात, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं आणलेलं होतं. आमच्यापर्यंत पोचायला त्याला दोन वर्षं लागली. पैसे थेट एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, ॲप कुठलंही असो, हे मला मुलानं तीनदा समजावलं. बाकीच्या अकरा जणींना मी किती वेळा समजावलं ते विचारू नका. नोंदणीला एक अख्खी रविवार दुपार गेली. बँकेत दिलेल्या नंबरच्या सिमवरूनच तो पडताळणीचा मेसेज जावा लागतो. दोन सिमवाल्या फोनांतून तो हटकून दुसऱ्याच सिमवरून जाई. मग पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख हवी. एकीचं कार्ड नवऱ्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात आणि नवरा ठाण्याला.

त्या काळात कंपन्या आम्हाला नुसतं ओढत होत्या. गूगलचं ॲप आधी तेज नावानं आलं, २०१८मध्ये त्याचं गूगल पे झालं. पैसे पाठवा, कार्ड खरवडा, कधी नऊ रुपये, कधी 'पुन्हा प्रयत्न करा'. २०१९च्या दिवाळीत तर त्यांनी शिक्के गोळा करायला लावले. पाचही मिळाले की २५१ रुपये. पणती, झुमका ढिगानं मिळत, रांगोळी मात्र कुणालाच मिळेना. भिशीच्या ग्रुपवर महिनाभर 'रांगोळी आहे का गं कुणाकडे' एवढंच चालू होतं. दारातल्या रांगोळीकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

आता ते लाड संपले. पैसे पाठवणारी मी, घेणारी मी, शुल्क शून्य, मग कंपनी वाटणार तरी कशातून? फोनपे आणि गूगल पे या दोघांतच देशातले बहुतेक व्यवहार होतात. कुठल्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत असं पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०२०मध्येच ठरवलं, पण मुदत ढकलत ढकलत २०२६च्या अखेरीपर्यंत गेली. आमच्यात सात जणी फोनपेवर, चौघी गूगल पेवर आणि तळमजल्यावरच्या काकू एकट्या भीमवर. तीस टक्के म्हणजे आमच्या हिशोबानं ३.६ बायका. काढा कुणाला काढायचं ते.

दोन ॲप ठेवायचं मी मार्च २०२०मध्ये शिकले. ५ तारखेच्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेनं येस बँकेवर निर्बंध घातले आणि तिच्यावर विसंबून असलेलं फोनपे दुसऱ्या दिवशी ठप्प. आमची तारीख दहा, म्हणून आम्ही वाचलो. तेव्हा पेटीएमच्या पेमेंट्स बँकेनं फोनपेला 'आमच्याकडे या' असं ट्विटरवर भर बाजारात आमंत्रण दिलं होतं. चार वर्षांनी, २०२४च्या जानेवारीत, रिझर्व्ह बँकेनं त्याच पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि पेटीएमला यूपीआयसाठी दुसऱ्या बँका शोधाव्या लागल्या. त्यांत एक कोण? येस बँक. हे ऐकून काकू म्हणाल्या, "नळावरच्या भांडणासारखं आहे हे. शेवटी पाणी एकाच टाकीचं."

नावांचा घोळ वेगळाच. २०२५च्या जूनअखेरपासून पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. चांगलंच आहे. पण आमच्यातल्या तिघींची खाती माहेरच्या नावानं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना भिशी लागली, मी चोवीस हजार पाठवायला गेले, तर पडद्यावर भलतंच आडनाव. पंचवीस वर्षं शेजारी राहतो, आणि माहेरचं आडनाव मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून आधी एक रुपया पाठवते, आला का विचारते, मग बाकीचे. आणि कुणाचाही स्क्रीनशॉट मान्य करत नाही. माझ्या बँकेचा मेसेज आला तरच वहीवर टिक.

पूर्वी मी प्रत्येकीला ॲपमधूनच दोन हजारांची मागणी पाठवायची, तिनं पिन टाकला की झालं. त्या मागणीच्या वाटेनं लोकांना लुबाडायला लागले, म्हणून १ ऑक्टोबर २०२५पासून माणसा-माणसांमधली ती सोय बंद झाली. बरोबरच केलं. मला मात्र पुन्हा नऊ तारखेपासून ग्रुपवर 'उद्या दहा तारीख' असं ओरडावं लागतं.

सगळ्यांत मोठं प्रकरण शैलाताईंचं. त्यांनी पाठवलेले दोन हजार त्यांच्या खात्यातून गेले, माझ्याकडे आले नाहीत. ॲपवर नुसतं गोल फिरत होतं. "थांबा, पुन्हा पाठवू नका," मी जिन्यातून ओरडेपर्यंत त्यांनी दुसऱ्या ॲपवरून पाठवलेसुद्धा. ते क्षणात आले. पहिले मधेच लटकलेले. ॲपवाले म्हणाले बँकेला विचारा, बँकेत गेलो तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला ॲपवाल्यांना विचारा. असं दोन दिवस.

मग मुलानं नियम शोधून दिला. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे: असे अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे रोजचे शंभर रुपये भरपाई, तीही न मागता. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवून तक्रार केली, तिचा क्रमांक घेतला. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहून बँकेत साध्या कागदावर अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्क्यासाठी वीस मिनिटं उभं राहावं लागलं. पण शिक्का बघितल्यावर त्या मुलाचा आवाज बदलला, हे मी स्वतः ऐकलं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, हेही अर्जात शेवटी लिहिलं होतं.

दहा तारखेचे पैसे पंधराला परत आले. भरपाई न मागता वगैरे काही आली नाही. अर्जाचा पाठपुरावा केल्यावर तीन आठवड्यांनी आली. चार दिवसांचे चारशे रुपये.

त्यातले दोनशे शैलाताईंनी मला पाठवले, 'तुझी मेहनत' असं लिहून. मी परत पाठवले. त्यांनी पुन्हा पाठवले. मी पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्या स्वतःच जिना चढून आल्या आणि दोनशेची नोट भिशीच्या चहाच्या डब्यात टाकून, माझं काही न ऐकता, खाली गेल्या.