आंतोन फान रोय यांचा विसरलेला आवाज

रॉटरडॅममध्ये १८७० साली जन्मलेल्या आंतोन फान रोय या डच गायकाने फ्रँकफुर्टमध्ये गायनगुरू युलियुस श्टॉकहाउझेन यांच्याकडे तालीम घेतली आणि १८९७ साली जर्मन संगीतकार वाग्नरच्या कृतींना वाहिलेल्या, जर्मनीतल्या बायरॉइटच्या महोत्सवात वोटान या देवाची भूमिका गाऊन त्याच्या संगीतनाट्यांत आपले स्थान पक्के केले. पुढे लंडन आणि न्यूयॉर्क त्यांनी गाजवले. मात्र बायरॉइटचा महोत्सव चालवणाऱ्या वाग्नरच्या वारसांचा विरोध डावलून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २४ डिसेंबर १९०३ रोजी वाग्नरचे 'पार्सिफाल' रंगमंचावर आणले, त्यात फान रोय यांनी जखमी राजा आम्फोर्तास साकारला आणि बायरॉइटचे दार त्यांच्यासाठी कायमचे बंद झाले. मला ही शिक्षा फारच कठोर वाटते.

१९०२ साली लंडनमध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या तबकड्या मी पुन्हा पुन्हा ऐकतो. त्या काळी मायक्रोफोन नव्हता; गायक कर्ण्यासमोर उभा राहून गाई आणि त्याच्या आवाजाचा कंप थेट मेणावर कोरला जाई, त्यामुळे भरल्या वाद्यवृंदावर मात करणारा हा भारदस्त स्वर तिथे केवळ पियानोच्या साथीने, काही मिनिटांच्या मर्यादेत आणि बराचसा खर्ज गमावून उतरला आहे. तरीही खरखरीआडून शब्दोच्चारांतली श्टॉकहाउझेनची शिस्त स्पष्ट जाणवते, आणि दीर्घ स्वरावर तो आवाज स्थिरावतो तेव्हा मी श्वास रोखून ऐकत राहतो.