गॅनॉनडॉर्फ, दर वेळी नवा

झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेतले गेम एकमेकांशी जोडलेले नाहीत असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. 'विंड वेकर' (२००२) मध्ये समुद्राच्या तळाशी बुडालेलं हायरूल, म्हणजे मालिकेतलं राज्य, पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला होता. रंग उडालेला राजवाडा, जागच्या जागी थिजलेले राक्षस आणि रंगीत काचांवर 'ऑकरिना ऑफ टाइम' या आधीच्या गेममधले ऋषी. ज्या राज्यासाठी त्या गेममध्ये जीव टाकला, ते असं पाण्याखाली! एवढा घट्ट धागा मालिकेत मला दुसरा सापडला नाही.

'टिअर्स ऑफ द किंगडम' (२०२३) हा गेम इथेच कमी पडतो. त्याच्या आधीच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधले गार्डियन, म्हणजे प्राचीन लढाऊ यंत्रं, जवळजवळ सगळे गायब, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. हे मला अजून खटकतं.

पण शेवटच्या लढतीत 'टिअर्स' बाजी मारतो. 'ब्रेथ'मध्ये चारही डिव्हाइन बीस्ट, म्हणजे प्राण्यांच्या आकाराची अवाढव्य यंत्रं, सोडवली की गॅननची, म्हणजे गॅनॉनडॉर्फच्याच राक्षसी रूपाची, अर्धी ताकद लढत सुरू होतानाच संपते, आणि उरलेला सहज पडतो. 'टिअर्स'मधला खलनायक गॅनॉनडॉर्फ मात्र आपलीच चाल आपल्यावर उलटवतो. मी वार केला, तो बाजूला सरकला आणि धडाधड घाव बसले. प्रत्येक घावागणिक हृदयं (आपला जीव मोजणारी चिन्हं) तुटतात, साध्या खाण्याने ती भरून येत नाहीत. मग त्याची हेल्थ बार, म्हणजे उरलेला जीव दाखवणारी पट्टी, पुन्हा भरू लागली, वाढत वाढत पार स्क्रीनच्या बाहेर गेली. माझ्याकडे तीन हृदयं उरली होती. अंगावर काटा आला, आणि मी ढाल वर केली.