जळालेला वार आणि वाचलेली दफ्तरं

लंडनला पार्लमेंटसमोर रस्ता ओलांडला की करड्या दगडाचा एक बसका, तीन मजली बुरूज लागतो. ज्युएल टॉवर. दोन वर्षं त्याच्यावरून जात-येत होते, परवा पहिल्यांदा आत गेले. काचेमागची जुनी वजनमापं पाहिली आणि एकदम आईचं नऊवारी लुगडं डोळ्यांपुढे आलं. आपला 'वार' म्हणजे यांचा यार्डच की!

तिसऱ्या एडवर्डने १३६५-६६ मध्ये सोन्याचांदीची भांडी नि जडजवाहीर ठेवायला हा बांधला, तोही शेजारच्या ॲबीच्या साधूंची जमीन बळकावून. पुढे सतराव्या शतकात तिथे लॉर्ड्स सभागृहाची दफ्तरं आली. मग १६ ऑक्टोबर १८३४. पूर्वी हिशेबासाठी खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या वापरत. त्या निरुपयोगी झाल्या म्हणून पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळायला घातल्या आणि सगळा वाडाच पेटला. कॉमन्सची, म्हणजे पार्लमेंटच्या दुसऱ्या सभागृहाची, बहुतेक कागदपत्रं गेली. वार आणि पौंड यांचे सरकारी मूळ नमुनेही गेले. लॉर्ड्सची दफ्तरं मात्र या बुरुजात होती, ती वाचली. गंमत पुढेच आहे: १८६९ मध्ये वजनमापं पडताळणारं खातं याच बुरुजात आलं! जाड भिंतींमुळे काटा स्थिर राहायचा, पण बाहेरची रहदारी इतकी वाढली की १९३८ला त्यांनाही उठावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात छप्पर जळालं. डागडुजी होऊन १९५६ला तो लोकांसाठी उघडला. मला सगळ्यात काय आवडलं सांगू? अठराव्या शतकात बसवलेल्या पांढऱ्या दगडाच्या खिडक्या त्यांनी काढल्या नाहीत. 'मूळचं मध्ययुगीन रूप' आणायच्या हट्टापायी कारकुनांच्या खिडक्या उपटून टाकता आल्या असत्या. पण दफ्तरखाना हेही त्या बुरुजाचं आयुष्यच होतं. आपल्याकडे डागडुजी म्हटलं की आधी सिमेंट येतं, हे आठवून जीव तुटतो.

पण ऑफिसातली एक बाई "तुमच्याकडे जुनं जपत नाहीत ना?" म्हणाली, तेव्हा मी गप्प बसले नाही. १८१८च्या मे महिन्यात रायगडावर तोफा कोणी डागल्या, वाडे कशाने जळाले, ते सांगितलं. पुण्यात पेशवे दफ्तर अजून आहे, त्यातल्या निवडक कागदांचेच ४५ खंड छापले गेलेत, हेही सांगितलं. खिडक्यांचं मात्र तिला बोलले नाही. ते घरातल्या घरात बोलायचं.

रात्री आईला फोन केला. तिने ट्रंकेतून लुगडं काढून बाबांच्या टेपने मोजलं. सव्वाआठ मीटरला दोन सेंटिमीटर कमी. म्हणजे बरोबर नऊ वार.