प्रभारी महापौर डायॲन फाइनस्टाइन

नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनात महापौरांच्या गैरहजेरीत उपमहापौर महासभेचे कामकाज चालवतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या ते लक्षातही राहत नाही, कारण आपल्याकडे प्रशासनाची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत मात्र महापौर हाच कारभाराचा प्रमुख असतो. म्हणूनच तिथल्या एकेकाळच्या महापौर डायॲन फाइनस्टाइन यांची कारकीर्द वाचताना मी २७ नोव्हेंबर १९७८ या दिवसापाशी दर वेळी थांबतो.

१९६९मध्ये त्या तिथल्या बोर्डावर, म्हणजे आपल्या भाषेत महासभेवर, निवडून आल्या; १९७१ आणि १९७५ अशा दोन्ही वेळा महापौरपदाच्या निवडणुकीत हरल्या; १९७८च्या एप्रिलमध्ये पती कर्करोगाने गेले, आणि त्या सोमवारी सकाळी तर आपण राजकारण सोडणार असल्याचे त्यांनी पत्रकारांना सांगितले होते. काही तासांतच, आधी राजीनामा देऊन मग पुन्हा पद मागणारा बोर्डाचा माजी सदस्य डॅन व्हाइट तळघराच्या खिडकीतून सिटी हॉलमध्ये शिरला आणि त्याने महापौर जॉर्ज मॉस्कोनी व सदस्य हार्वी मिल्क यांना गोळ्या घातल्या. मिल्क यांची नाडी पाहायला फाइनस्टाइन यांनी मनगट धरले, तेव्हा त्यांचे बोट गोळीने पडलेल्या छिद्रात गेले. त्याच हातांनी सावरून, बोर्डाच्या अध्यक्षा या नात्याने, दोघांच्या मृत्यूची घोषणा त्यांनीच केली आणि त्या प्रभारी महापौर झाल्या. मला त्यांच्या पुढच्या साऱ्या पदांपेक्षा ती काही मिनिटे मोठी वाटतात.

तिथे खुर्ची रिकामी होताच ती कुणी सांभाळायची हे शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांत, आधीच ठरलेले होते. आपल्याकडे नाशिकमध्ये मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला, तेव्हा महापौर, उपमहापौर, नगरसेवक सगळेच एकदम गेले. प्रभागातल्या गटाराची तक्रार घेऊन जायला तेव्हा लोकांनी निवडलेला माणूसच उरला नव्हता, ही खंत मला आजही आहे.

४ डिसेंबरला बोर्डाने फाइनस्टाइन यांना महापौर निवडले आणि १९७९मध्ये मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. हँडगनवर बंदी आणल्यामुळे चिडलेल्या एका गटाने १९८३मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान घडवून आणले; ते त्यांनी प्रचंड मताधिक्याने जिंकले. मोडकळीस आलेली केबल कार, म्हणजे रस्त्याखालच्या केबलने ओढली जाणारी गाडी, १९८२मध्ये बंद ठेवून जवळजवळ नव्याने बांधून घेतली आणि १९८४मध्ये पुन्हा सुरू केली. जानेवारी १९८८मध्ये त्या पायउतार झाल्या. १९९२मध्ये अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहावर निवडून गेल्या आणि सप्टेंबर २०२३मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होत्या.