रिंगेचं टोक

"काका, हे सगळं काँक्रीटच्या आत जाणार. कोण बघायला येतंय?"

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका साइटवर सळया बांधणाऱ्या मुलाने आज हे अगदी सहज सांगितलं. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढून धरणाऱ्या रिंगांची टोकं त्याने काटकोनात वाकवून सोडली होती. आत का नाही वळवलीस, विचारलं. म्हणे वेळ जातो, आणि वरून सांगितलंय असंच कर.

मुलाचा राग नाही आला. पण ते काटकोन डोक्यातून जाईनात.

भूकंपात टिकणाऱ्या बांधकामासाठीचं आपलं भारतीय मानक, आयएस 13920, टोक 135 अंशांत वाकवून कॉलमच्या गाभ्यात न्यायला सांगतं. जपानच्या मिकी शहरात ई-डिफेन्स नावाचं 20 बाय 15 मीटरचं हलतं टेबल आहे. त्यावर खरोखरीच्या आकाराची इमारत उभी करून भूकंपासारखी हादरवतात. कॉलमवरच्या अशा चाचण्यांमधून कळलेली गोष्ट साधी आहे: आधी बाहेरचं काँक्रीट सुटतं. मग काटकोनातली रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात, आतल्या काँक्रीटचा भुगा होतो आणि कॉलम बसतो. टोक आत रुतलेलं असेल तर रिंग धरून ठेवते. माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो!

26 जानेवारी 2001 ला भूकंप कच्छात झाला आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. बडोद्याहून अहमदाबाद किती लांब आहे?

फ्लॅट घेताना आपण टाइल्स बघतो, नळ बघतो, लिफ्ट बघतो. कॉलम भरण्याआधीचे फोटो बिल्डरकडे कधी कोणी मागितलेत का?